वैशालीचा चाळिसावा

अमेरिकेतल्या आमच्या शॉमबर्गमध्ये मार्च महिना कुणालाच नको असतो. कॅलेंडरवर स्प्रिंग लिहिलेलं असतं आणि बाहेर पार्किंग लॉटच्या कोपऱ्यांत प्लाऊनं लोटून ठेवलेले बर्फाचे ढीग काळे पडून बसलेले असतात. ते रोज थोडेथोडे वितळतात आणि त्यांच्या पोटातून हिवाळाभर हरवलेल्या वस्तू बाहेर येतात. कुणाचा एक हातमोजा, कॉफीचा चेपलेला कप, लहान मुलाची टोपी. गाड्यांवर मिठाचे पांढरे ओघळ वाळलेले. गवत भिजलेल्या गोणपाटासारखं. आठ-आठ दिवस आकाशाचा रंग बदलत नाही. इथं येऊन मला सतरा वर्षं झाली, पण या एका महिन्याशी माझं कधी जमलं नाही. आणि गेली दोन वर्षं तर तो जवळ आला की छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं होतं.

गेल्या आठवड्यात भाजी आणायला गेले तर दुकानाच्या दारातल्या फळ्यावर, पियानोचे क्लास आणि हरवलेलं मांजर यांच्या मध्ये, एक भडक गुलाबी पोस्टर लागलेलं दिसलं. हेल्मेट घातलेली, दात विचकणारी एक बाई. रोलर डर्बीचा सीझन सुरू होतोय, शनिवारी पाच वाजता पहिली मॅच. मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि ते सगळं नीट वाचलं, जसं काही मला माहीतच नव्हतं.

रोलर डर्बी हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो वैशालीच्या तोंडून. वैशाली नागपूरची. माझ्याच कंपनीत, माझ्याच टीममध्ये होती, आणि मी तिची मॅनेजर व्हायच्या आधीपासून आम्ही एकमेकींच्या घरी डबे पोचवत होतो. नवरा चार वर्षांपूर्वी वेगळा झाला आणि भारतात परत गेला. ही इथं राहिली, लेकीला घेऊन. ईरा तेव्हा पाच वर्षांची होती. इथंच जन्मलेली, मराठी सगळं कळणारी आणि उत्तर मात्र इंग्रजीत देणारी. वैशालीचं आयुष्य म्हणजे ऑफिस, ईराची शाळा, ईराचं पोहणं, शनिवारी लाँड्री. व्हिसा कंपनीच्या हातात, ग्रीन कार्डची रांग इतकी लांब की ती त्याबद्दल बोलायचीच नाही.

एका सोमवारी ती ऑफिसात लंगडत आली. मी विचारलं तर म्हणाली, "पडले. मुद्दाम पडले. पडायचं कसं ते शिकवून राहिले तिथं."

मग तिनं मला कागदावर काढून दाखवलं. लंबगोल ट्रॅक. चार चाकांचे बूट घातलेल्या बायका, दोन टीम. प्रत्येक टीममध्ये एक जॅमर, तिच्या हेल्मेटवर चांदणी. बाकीच्या बायका खांद्याला खांदा लावून भिंत करून उभ्या. जॅमरनं त्या भिंतीतून वाट काढायची, गोल फिरून यायचं, पुन्हा घुसायचं. समोरच्या टीममधल्या जितक्या जणींना मागे टाकलं तितके पॉइंट. "बॉल नाही, बॅट नाही," ती म्हणाली. "जे काही आहे ते अंगच."

"पण का गं? या वयात?"

तिनं जरा विचार केला. "अनघा, मी दिवसभर सॉरी म्हणत असते. मीटिंगमध्ये सॉरी, शाळेत उशिरा पोचले म्हणून सॉरी, दुकानात कुणाची ट्रॉली मला लागली तरी सॉरी. तिथं कुणाला धडकलं की सॉरी म्हणायचं नसतं. म्हटलं तर कोच ओरडते."

त्या खेळात प्रत्येकीला एक टोपणनाव असतं, जर्सीवर छापलेलं. बाकीच्या बायकांनी रक्त, हाडं, मृत्यू असल्या शब्दांवर कोट्या करून नावं घेतली होती. वैशालीनं घेतलं ‘ठेचा’. टीमची कॅप्टन डेनिस, पन्नाशीची, एरवी शाळेची बस चालवणारी, तिनं अर्थ विचारला तेव्हा वैशालीनं खलबत्त्यात मिरच्या कशा चेचतात ते मूठ आपटून दाखवलं. डेनिसला ते फार आवडलं. नाव मात्र तिथं कुणालाच उच्चारता आलं नाही. अनाउन्सर माइकवर ‘थे-ऽऽ-चा’ असं ओढून म्हणायचा आणि आम्ही मागच्या खुर्च्यांवर हसून लोळायचो. आम्ही म्हणजे मी, ईरा आणि शिल्पा. शिल्पा मुंबईची, एका डेंटिस्टच्या क्लिनिकमध्ये फ्रंट डेस्क सांभाळते. आमच्या दोघींची मैत्रीण.

त्या दीड वर्षात मी वैशालीला बदलताना पाहिलं. ती जाड झाली नाही की बारीक झाली नाही, पण दारातून आत यायची तिची पद्धत बदलली. आधी दार थोडं उघडून, आत कोण आहे बघून यायची. आता सरळ यायची.

*

आता दोन वर्षांपूर्वीच्या त्या फेब्रुवारीचं सांगते.

मला एक शीट आलं होतं. माझ्या टीममध्ये आठ जण. आठ नावं आणि पुढे, कंपनीला कोण किती गरजेचं त्या क्रमानं, एक ते आठ आकडे भरायचे. ‘नेहमीचं आहे, फार विचार करू नकोस,’ बॉस म्हणाला. मी विचार केला नाही असं नाही. वैशाली ज्या जुन्या बिलिंग सिस्टिमवर काम करायची ती वर्षभरात बंद होणार होती. काम ती चोख करायची, पण ते कामच संपत आलं होतं. मी तिच्यापुढे सात लिहिलं. आकडा खरा होता. हे मी स्वतःला अजूनही सांगते, आणि खरा होता यात शंका नाही. पण ते शीट भरताना मी खोलीचं दार लावून घेतलं होतं, हेही खरं.

त्याच दिवसांत वैशालीला ओहायोतल्या एका कंपनीची ऑफर आली. तिनं मागितली नव्हती, जुन्या ओळखीतून कुणी नाव सुचवलं होतं. व्हिसाही ते करून देणार होते. मला तिनं कॅफेटेरियात सांगितलं आणि विचारलं, "तुला काय वाटतं? जाऊ?"

मी म्हटलं, "ईराची शाळा, तुझी टीम, आम्ही... सगळं सोडून?"

तेव्हा मला काही माहीत नव्हतं. हे एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल. शीट भरलं होतं, पण त्याचं काय होणार हे कुणी सांगितलं नव्हतं. तरी मनात कुठेतरी माहीत होतंच का? या प्रश्नाचं उत्तर मी दोन वर्षं शोधतेय आणि दर वेळी वेगळं येतं.

मार्चमधल्या एका बुधवारी बॉसनं मला बोलावलं. खालचे दोन जण जाणार. सात नंबर आणि आठ नंबर. पुढच्या मंगळवारी सकाळी दहाला सांगायचं, तोपर्यंत कुणाशीही बोलायचं नाही. समोर एक कागद होता, त्यावर मी सही केली. बाहेर येऊन डेस्कवर बसले तर वैशालीचा मेसेज आला होता. ‘शनिवारी मॅच आहे आणि त्याच दिवशी माझा चाळिसावा. केक शिल्पा आणणार. तू फक्त ओरडायला ये.’

घरी मी प्रसादला, माझ्या नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "सही केलीयस तू. तुझी नोकरी गेली तर मुलांचं काय? आणि तिला सांगून होणार काय, चार दिवस आधी रडेल."

"तिच्याकडे ऑफर आहे, प्रसाद. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय."

"मग ती घेईलच की," तो म्हणाला. "न सांगताही घेईल कदाचित."

माणूस स्वतःला पटवायला किती कमी गोष्टींवर भागवतो! त्या एका ‘कदाचित’वर मी तीन दिवस काढले.

*

शनिवार. आकाश खाली आलेलं, पाऊस धड नाही, बर्फ धड नाही, काचेवर नुसती किचकिच. वैशाली वॉर्म-अपसाठी आधीच गेली होती. शिल्पाला आणि ईराला मी घेतलं. शिल्पाच्या मांडीवर पायनॅपल केकचा खोका, ईराच्या हातात पुठ्ठ्याचा बोर्ड. त्यावर इंग्रजीत ‘गो ठेचा’ आणि खाली लाल मिरची, मिरचीला डोळे आणि स्केट्स. वाटेत शिल्पा आनंदात बोलत होती, "चाळीस यार! आणि ही बाई चाकांवर! माझे तर जिने चढताना गुडघे वाजतात." मी आरशात ईराकडे बघितलं. ती मिरचीच्या डोळ्यांना पापण्या काढत होती.

ती जुनी रिंक शहराबाहेरच्या गोदामांच्या रांगेत आहे. आत शिरलं की पहिला येतो वास. पॉपकॉर्न, मस्टर्ड, आणि त्याखाली गुडघ्यांच्या पॅडमध्ये वर्षानुवर्षं मुरलेल्या घामाचा आंबूस दर्प. सिमेंटच्या फरशीवर टेपनं आखलेला ट्रॅक. लोखंडी घडीच्या खुर्च्या. म्हातारे आजी-आजोबा, पाळण्यातली बाळं, निळ्या केसांच्या मुली, बिअरचे प्लॅस्टिकचे पेले. आणि चाकांचा तो आवाज. मॅच सुरू व्हायच्या आधी सगळ्या जणी गोल फिरत असतात तेव्हा तो जात्यासारखा येतो, सलग, जड.

वैशाली आम्हाला बघून कठड्याशी आली. अंगावर लाल जर्सी, तोंडात दातांचं गार्ड, त्यामुळे बोबडी. "आज मला चांदणी देऊन राहिले!" ती म्हणाली. "दीड वर्षात पहिल्यांदा. डेनिस म्हणाली, बर्थडे आहे, जॅमर हो."

ईरा ओरडली, "मॉम, डोन्ट डाय!"

"नाही मरत, बाप्पा," वैशाली म्हणाली आणि उलट्या पावलांनी, चाकांवर, मागे सरकत गेली. ते कौशल्य दाखवायलाच तिनं तसं केलं होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

पहिल्या खेपेला ती भिंतीवर आपटली आणि पडली. उठली, पुन्हा घुसली, पुन्हा आपटली. समोरच्या टीममधली एक बाई दारासारखी रुंद होती. ती नुसती कंबर फिरवायची आणि वैशाली ट्रॅकबाहेर. शिल्पानं डोळ्यांवर हात घेतले. तिसऱ्या खेपेला डेनिसनं आपल्या पाठीनं त्या रुंद बाईला एक हात बाजूला रेटलं, आणि जी फट झाली तीतून वैशाली खांदा आधी घालून, खाली वाकून, बाहेर आली. समोर मोकळा ट्रॅक. ती धावली. खरंच धावली, चाकं असून. तोंड उघडं, हात पसरलेले. अनाउन्सर ‘थे-ऽऽ-चा’ म्हणून ओरडला आणि मी उभी राहून इतक्या मोठ्यानं किंचाळले की पुढच्या रांगेतल्या आजोबांनी वळून बघितलं. मला रडू येत होतं. शिल्पाला वाटलं आनंदानं येतंय. तिनं माझ्या पाठीवर हात फिरवला.

मध्यंतरात वैशाली आमच्याकडे आली. घामानं निथळत होती, कोपराला खरचटलेलं, डोळे नुसते चमकत होते. पाणी प्यायली, ईराला मिठी मारली, मग शिल्पाकडे ठेवायला दिलेला आपला फोन मागून घेतला.

"थांब, एक काम करते. आजच करते, सोमवारपर्यंत डोक्यात ठेवायचं नाही."

"काय?" शिल्पानं विचारलं.

"ओहायोवाल्यांना नाही म्हणते." तिनं हातमोजा दातांनी ओढून काढला. "मी कुठं जाऊ गं हे सोडून? इतकी वर्षं मी या गावात राहिले, पण या गावाची नव्हते. आता आहे. वाढदिवसाची माझी मला भेट."

मेल तिनं आधीच लिहून ठेवलं होतं. ती ते वाचत होती, ओठ हलवत. मी तिच्या इतकी जवळ उभी होते की हेल्मेटच्या पट्ट्याखालचा लाल वळ मला दिसत होता. मी म्हटलं, "वैशाली."

तिनं वर बघितलं. "हं?"

काय बोलायचं होतं ते सगळं माझ्या तोंडात होतं. ‘पाठवू नकोस’ हे दोन शब्द पुरले असते. कारण सांगायचीही गरज नव्हती. तिनं माझ्याकडे बघितलं असतं आणि तिला कळलं असतं.

"नीट विचार केलास ना?" मी म्हटलं.

"महिनाभर तेच करून राहिले," ती हसली. आणि तिचा अंगठा खाली आला.

दुसऱ्या हाफचं मला फारसं आठवत नाही. लाल टीम हरली, थोडक्यात. मॅच संपल्यावर दोन्ही टीमच्या बायकांनी मिळून, घडीच्या टेबलाभोवती, केक कापला. ती रुंद बाईसुद्धा आली होती; तिनं वैशालीला उचलून धरलं. शिल्पानं ‘हॅपी बर्थडे’ सुरू केलं आणि सगळ्या रिंकनं ते उचललं. वैशालीनं मला भरवायला केकचा तुकडा पुढे केला, मी तोंड उघडलं. तो फोटो शिल्पाकडे आहे.

*

रविवारी दुपारी चारला मी गाडी घेऊन वैशालीच्या अपार्टमेंटच्या पार्किंगपर्यंत गेले. वर दुसऱ्या मजल्यावर तिच्या खिडकीला ईरानं कापलेले कागदी पक्षी चिकटवलेले होते. अजून वेळ होता. सोमवारी सकाळी ती ओहायोला फोन करून म्हणू शकली असती, माझा विचार बदलला. मी पाऊण तास इंजिन चालू ठेवून बसले. हीटरची गरम हवा गुडघ्यांवर येत होती. एकदा पडदा हलला. मग मी गाडी मागे घेतली आणि घरी जाऊन मुलांचे कपडे घड्या करून ठेवले.

मी भित्री आहे, हे मला त्या पाऊण तासात कळलं. त्याआधी मी स्वतःला जबाबदार समजत होते. बाहेरून बघणाऱ्याला या दोघी सारख्याच दिसतात.

मंगळवारी सकाळी दहा. स्क्रीनवर तीन चौकटी: मी, एचआरमधली बाई, वैशाली. माझ्यासमोर वाचायचा मजकूर होता. ‘युअर रोल हॅज बीन इम्पॅक्टेड.’ इथल्या ऑफिसात माणसाला काढत नाहीत, त्याच्या रोलवर परिणाम होतो. मी वाचलं. वैशाली हलली नाही. कोपरावर अजून पट्टी होती. एचआरची बाई इन्शुरन्सबद्दल, लॅपटॉप परत करण्याबद्दल बोलत राहिली. मध्येच वैशालीनं मराठीत विचारलं, अगदी शांतपणे, "तुला कधीपासून माहीत होतं?"

एचआरची बाई थांबली. म्हणाली, सॉरी, आपण इंग्रजीत बोलू या का?

"कधीपासून, अनघा?"

"बुधवारपासून," मी म्हटलं.

मी तिला हिशेब करताना बघितलं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. शनिवारपाशी तिचा चेहरा थांबला. मग तिची चौकट काळी झाली आणि त्यात फक्त तिचं नाव उरलं.

*

नोकरी गेली की व्हिसावाल्या माणसाला साठ दिवस मिळतात. साठ दिवसांत नवी नोकरी, नाहीतर देश सोडायचा. वैशालीनं त्याच दुपारी ओहायोला फोन केला. ती जागा त्यांनी सोमवारीच दुसऱ्याला दिली होती.

मी मला माहीत असलेल्या प्रत्येकाला तिचा रेझ्युमे पाठवला. कंपन्यांनी तेव्हा भरती थांबवली होती; जिथं चालू होती तिथं व्हिसाचं नाव काढलं की उत्तरं बंद व्हायची. माझे फोन ती उचलत नव्हती. एप्रिलमध्ये एकदा मी पोळ्या आणि भाजी घेऊन गेले. ईरानं दार उघडलं, साखळी न काढता. मागे टीव्ही चालू होता, आणि वैशालीच्या चपला दारातच होत्या.

"मॉम सेज शी इज नॉट होम," ईरा म्हणाली. खोटं बोलायची सवय नसलेलं पोर ते. तिचे कान लाल झाले होते.

मी डबा खाली ठेवला. "ईरा, मावशीवर रागावलीयस?"

तिनं विचार केला. मग म्हणाली, "आय डोन्ट नो व्हॉट यू डिड." आणि हळूच दार लावलं.

शिल्पा माझ्याशी बोलत होती, पण एकदाच जे बोलायचं ते बोलली. "यार अनघा, मॅचला तू माझ्या शेजारी बसून नाचोज खात होतीस." तेवढंच. मी नियम सांगितला, सही सांगितली. ती ऐकत होती, मान हलवत होती, आणि तिच्या नजरेत मला माझा तो केकसाठी उघडलेला आ दिसत होता.

मे महिन्यात, झाडांना नुकती पालवी आली तेव्हा, त्या दोघी गेल्या. शाळा संपायला तीन आठवडे राहिले होते. ईराचा पासपोर्ट अमेरिकेचा. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. विमानतळावर शिल्पा गेली होती सोडायला. सिक्युरिटीच्या रांगेत ईरा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, असं शिल्पानं मला सांगितलं. "बट आय ॲम फ्रॉम हिअर." पुढची माणसं वळून बघत होती. वैशालीनं तिला गप्प केलं नाही.

*

या शनिवारी मी मॅचला गेले. का गेले ते मला सांगता येणार नाही. प्रसादला म्हटलं, जरा बाहेर जाऊन येते. रिंक तशीच, वास तसाच. लाल जर्सीतल्या निम्म्या मुली नव्या होत्या. मी दाराजवळ उभी राहून अर्धी मॅच बघितली. ज्या खेळात भिडतानाच कळतं कोण आपल्या बाजूचं आणि कोण समोरचं, तो खेळ बघायलाही मला अवघड जात होतं.

मध्यंतरात डेनिसनं मला ओळखलं. केस पूर्ण पांढरे झालेत आता तिचे. तिनं घामेजलेल्या हातांनी मला जवळ घेतलं आणि विचारलं, ठेचा कशी आहे? चांगली आहे ना?

"चांगली आहे," मी म्हटलं. मला काहीच माहीत नव्हतं.

तिला सांग, डेनिस म्हणाली, तिच्या जर्सीचा नंबर आम्ही कुणालाही दिलेला नाही. मी मान हलवली. तो निरोप पोचवायला माझ्याकडे तोंड नव्हतं, हे त्या भल्या बाईला कसं सांगणार?

आणि मंगळवारी वैशालीचा मेसेज आला. दोन वर्षांत पहिला. ‘कॅनडातल्या एका नोकरीचं जमतंय. आधीच्या मॅनेजरचं रेफरन्स लेटर हवंय. दुसरं कुणी चालत असतं तर तुला विचारलं नसतं.’

मी लगेच फोन केला. तिनं उचलला. पाठीमागे कुकरची शिट्टी, रस्त्यावरचे हॉर्न.

"देते," मी म्हटलं. "आजच देते."

"तुमच्या कंपनीच्या नियमात बसतं का ते?"

"नाही बसत. फक्त तारखा आणि पद, एवढंच सांगायची परवानगी आहे. पण मी माझ्या नावानं देते."

आतून ईराचा आवाज आला, "आई, कोण आहे गं?" मराठीत. वैशालीनं उत्तर दिलं नाही.

"वैशाली, मी त्या दिवशी..."

"मला माहीत आहे तू घाबरली होतीस," ती म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. "मी तुझ्या जागी असते तर मीही घाबरले असते. त्याचा मी खूप विचार केला. त्या शीटचा तर मला रागच नाही, मी त्या जुन्या सिस्टिमवर होते. पण अनघा, तू मला विचारलंस. ‘नीट विचार केलास ना’ म्हणून. माझ्याकडे बघून विचारलंस."

"हो."

"ते नसतंस विचारलं तर बरं झालं असतं." मग म्हणाली, "लेटर पाठवायच्या आधी मला दाखव. जे आहे तेच लिही, वाढवून काही नको."

मी संध्याकाळभर ते पत्र लिहिलं. इंग्रजीत एक पान. तिनं काय काय काम केलं, दोनदा सिस्टिम बंद पडली तेव्हा तिनं एकटीनं ती कशी उभी केली, टीममध्ये सगळे अडलं की तिच्याकडे कसे जायचे. हे सगळं मी तेव्हा वरच्या लोकांना लिहायला हवं होतं. शीटवर त्यासाठी रकाना नव्हता, आणि मी मागितलाही नाही. शेवटी लिहिलं की मी तिला सहकारी आणि मैत्रीण म्हणून आठ वर्षं ओळखते, आणि संधी मिळाली तर पुन्हा तिच्याबरोबर काम करीन. तिला पाठवून दिलं.

सकाळी तिचं उत्तर आलं होतं. ‘सगळं बरोबर आहे. फक्त शेवटच्या वाक्यातलं अँड फ्रेंड काढ. मग त्यांना पाठव.’

मी फाइल उघडली. ते दोन शब्द काढले. मागचे शब्द सरकून पुढच्यांना जोडले गेले, मध्ये काही होतं असं वाटूही नये इतके सलग. मग पाठवून दिलं.